पायाच्या खड्ड्याला वाली कोण?

इमारत कोसळली की मोठी बातमी होते, चौकशी आयोग नेमला जातो, विधानसभेत प्रश्न विचारले जातात. परंतु इमारत उभी राहण्यापूर्वी तिच्या पायासाठी जो खड्डा खणला जातो, त्यात माणसे गाडली गेली तर ती बातमी बहुधा आतल्या पानावर चार ओळींत संपते. "मातीचा ढिगारा कोसळून दोन मजूर ठार" हे शीर्षक आपल्या डोळ्यांना इतके सरावाचे झाले आहे की त्यात आपल्याला काही अघटित वाटत नाही. प्रशासनात दीर्घकाळ काम केल्यानंतर माझी अशी धारणा झाली आहे की, आपल्या नागरी बांधकामाच्या नियमव्यवस्थेतील सर्वांत दुर्लक्षित टप्पा हाच आहे. भूमिपूजनाचा नारळ फुटल्यापासून जोते वर येईपर्यंतचे जे काही आठवडे वा महिने असतात, त्या काळात त्या जागेचा खराखुरा वाली कोण, या प्रश्नाला नस्तीत उत्तर सापडत नाही.

मी अभियंता नाही. तथापि हा प्रश्न केवळ अभियांत्रिकीचा नाही, तो प्रामुख्याने प्रशासनाचा आहे. खड्डा सुरक्षितपणे कसा खणावा हे ज्ञान आपल्याकडे कित्येक दशके उपलब्ध आहे. ते ज्ञान खड्ड्याच्या काठापर्यंत का पोहोचत नाही, एवढाच येथे चर्चेचा विषय आहे.

चेन्नईतील एका घटनेपासून सुरुवात करू. ४ डिसेंबर २०२३ रोजी मिचाँग चक्रीवादळामुळे शहरात अतिवृष्टी झाली. वेळचेरी भागातील फाइव्ह फर्लांग रस्त्यालगत एका नियोजित इमारतीसाठी सुमारे पन्नास फूट खोल खड्डा खणलेला होता. पावसाने त्याची कड ढासळली आणि काठावरील बांधकामे आत ओढली गेली. लगतच्या गॅस भरणा केंद्रावरील व बांधकामाच्या जागेवरील माणसे पाण्याने भरलेल्या त्या खड्ड्यात पडली. काहींना वाचविण्यात यश आले. दोघांचे मृतदेह मात्र मोठाले पंप लावून पाणी उपसल्यानंतर, चार दिवसांनी हाती लागले. त्या आठवड्यात सारे शहर पाण्यात होते, त्यामुळे या घटनेची गणना चक्रीवादळाच्या बळींमध्ये झाली. पण वादळाने फक्त पाऊस आणला होता, खड्डा माणसांनी खणलेला होता आणि त्याची कड किती पाणी सोसेल, हा हिशोब कोणीतरी आधी करावयाचा होता.

तो हिशोब चेन्नईत विशेष काळजीने करावा लागतो. हे शहर सपाट आहे, समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही आणि भूजल पुष्कळ ठिकाणी अगदी वर आहे. किनाऱ्यालगत वाळू, तर वेळचेरीसारख्या भागात जुन्या तलावांची आणि पळ्ळिकरणै या पाणथळ प्रदेशाची चिकण माती. तमिळमध्ये तलावाला 'एरि' म्हणतात. चेन्नईच्या कित्येक वसाहती अशा एरींच्या पोटात वा काठावर वसल्या आहेत. रस्ते झाले, सदनिका झाल्या, नकाशावरून पाणी पुसले गेले. जमिनीखालचे पाणी मात्र आपला पत्ता विसरलेले नाही.

वाळू आणि चिकण माती या दोन्ही आपल्याला निरनिराळ्या रीतीने फसवतात. मरीना किनाऱ्यावर मुले ओल्या वाळूचे किल्ले करतात. वाळूच्या कणांमधील थोड्याशा ओलाव्याच्या ताणामुळे त्या किल्ल्याच्या भिंती उभ्या राहतात. ऊन लागून वाळू सुकली की किल्ला ढासळतो आणि लाट येऊन वाळू पूर्ण भिजली तरीही ढासळतो. वाळूच्या खड्ड्याची उभी कड म्हणजे तोच किल्ला, फक्त पुरुषभर वा दोन पुरुष उंचीचा. चिकण मातीची तऱ्हा वेगळी. ती खणल्यावर पहिल्या दिवशी भिंतीसारखी ताठ उभी राहते. दुसऱ्या दिवशीही राहते. मुकादमाला वाटते, माती पक्की आहे, आधार कशाला? परंतु खणल्यामुळे मातीवरचा दाब कमी झालेला असतो, ती हळूहळू पाणी शोषून घेते, तिची ताकद कमी होत जाते. काठाशी जमिनीला बारीक भेग पडते, त्या भेगेत पावसाचे पाणी शिरते आणि एक आख्खा तुकडा सुटून खाली येतो. म्हणजे "काल काही झाले नाही" हा खड्ड्याच्या बाबतीत सुरक्षिततेचा पुरावा नसतो. आज धोका कालच्यापेक्षा अधिक असतो.

आणि माती कोसळते तेव्हा पळायला वेळ मिळत नाही. एक घनमीटर मातीचे वजन दीड ते दोन टन भरते. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाचे डोके वर असले तरी तो वाचेलच असे नाही. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर छाती आक्रसते, ती जागा माती घेते आणि पुढचा श्वास घेता येत नाही. सोबती त्याला काढायला खाली उडी मारतात आणि कडेचा उरलेला भाग त्यांच्यावर येतो. एकाच चरात दोघे-तिघे दगावल्याच्या बातम्या येतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. यासाठी पन्नास फूट खोल खड्ड्याची गरज नाही. मलवाहिनीसाठी खणलेला सहा-सात फुटांचा अरुंद चरही पुरतो.

आता नियम काय सांगतात ते पाहू. खोदकामाच्या सुरक्षिततेविषयी भारतीय मानक ३७६४ ही संहिता १९६६ साली प्रथम निघाली आणि १९९२ मध्ये सुधारण्यात आली. सीपीडब्ल्यूडी या नावाने परिचित असलेल्या केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कंत्राटात जी सुरक्षा संहिता जोडलेली असते, तिच्यातील खोदाईचे नियम तर अर्ध्या पानात मावतात. चर १.२ मीटर वा अधिक खोल असेल तर दर ३० मीटर लांबीस किमान एक शिडी हवी आणि ती जमिनीच्या वर ९० सेंटिमीटर यावी. चर १.५ मीटर वा अधिक खोल असेल तर त्याच्या बाजूंना उतार वा पायऱ्या द्याव्यात, नाहीतर फळ्या व टेकू लावून त्या घट्ट धराव्यात. खणलेली माती काठापासून १.५ मीटर अथवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल तेवढी दूर टाकावी. खोदाई वरून खाली करावी, खालून पोखरून माती पाडू नये. बस्स! हे समजायला पदवी लागत नाही. खेड्यात विहीर खणणाऱ्या अनुभवी माणसाला यांतील बरेचसे ठाऊक असते.

मग वाचकांनी आपापल्या गावी, घराजवळच्या बांधकामाकडे एकदा पाहावे. माती काठालाच ढीग करून टाकलेली असते, कारण ती पुन्हा भरावासाठी लागणार असते आणि दूर नेऊन परत आणण्याचे भाडे दोनदा पडते. त्याच ढिगाऱ्याशेजारी खडीचा ट्रक उभा असतो. शिडीच्या जागी कडेला खणलेल्या दोन खाचा. टेकू नाहीत, कारण टेकूंमुळे खोदयंत्राचा हात खाली उतरत नाही. खाली चित्ताळ म्हणजे डोक्यावर घमेले वाहणारी मदतनीस स्त्री आणि वर मेस्त्री. आपल्याकडील मिस्त्री येथे मेस्त्री होतो, पण त्याचे अधिकार आणि त्याची अडचण दोन्हीकडे सारखीच. काम थांबवले तर दिवसाची मजुरी कोण देणार, हा त्याचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर कोणत्याही संहितेत नाही.

नियम आणि वस्तुस्थिती यांत एवढे अंतर का पडते? माझ्या मते याचे मूळ आपल्या परवान्यांच्या रचनेत आहे. नगररचना विभागाकडे जो प्रस्ताव जातो, त्यात पूर्ण झालेल्या इमारतीचे चित्र असते. उंची, चटई क्षेत्र, सामासिक अंतरे, वाहनतळ, अग्निशमन. खड्डा ही अंतिम इमारत नव्हे, म्हणून तो नकाशात नसतो. तळघराचा छेद दाखवलेला असतो, परंतु ते तळघर बांधण्यासाठी शेजाऱ्याच्या कुंपणापाशी जी चाळीस-पन्नास फुटांची उभी कड उघडी पडणार आहे, ती सहा महिने कशाच्या आधारे उभी राहील, हे सांगणारा कागद बहुधा जोडलेला नसतो. दुसरीकडे कामगार विभाग. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने काम सुरू होण्यापूर्वी ३० दिवस निरीक्षकाला सूचना देण्याचे बंधन मालकावर घातले होते. पुढे हा कायदा २०२० च्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती या संहितेत विलीन करण्यात आला. म्हणजे एका विभागाकडे इमारतीची नस्ती, दुसऱ्याकडे कामगारांची. कामगार ज्या खड्ड्यात उभा आहे, तो या दोन नस्त्यांच्या मधोमध आहे.

दुर्घटनेनंतर आपण नियम सुधारत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २८ जून २०१४ रोजी, शनिवारी सायंकाळी, चेन्नईजवळ पोरूर भागातील मौलिवाक्कम येथे बांधकाम चालू असलेली अकरा मजली इमारत कोसळली आणि ६१ माणसे मरण पावली. त्यांत आंध्र, ओडिशा आणि तमिळनाडूच्या ग्रामीण भागांतून आलेले मजूर होते. वीज पडल्याचे कारण पुढे करण्यात आले, परंतु निवृत्त न्यायमूर्ती रघुपती यांच्या चौकशी आयोगापुढे ते टिकले नाही, दोष आराखड्यात आणि बांधकामात होते. त्या इमारतीची जोड इमारत २ नोव्हेंबर २०१६ रोजी स्फोटके लावून पाडण्यात आली. पुढे तमिळनाडूने २०१९ मध्ये एकत्रित विकास व इमारत नियम लागू केले. त्यांत रचना अभियंता, भूतांत्रिक अभियंता आदी तज्ज्ञांच्या नोंदणीची व उत्तरदायित्वाची तरतूद आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु त्यानंतर चार वर्षांनी वेळचेरीची घटना घडली, याचा अर्थ असा की इमारतीच्या सुरक्षिततेचा विचार झाला, तरी खड्ड्याच्या सुरक्षिततेचा विचार अजून पुरेसा झालेला नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या वाचकांना वाटेल की हे चेन्नईच्या पाणथळ जमिनीचे दुखणे आहे. तसे नाही. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढवा येथे एका गृहसंकुलाची सीमाभिंत शेजारच्या बांधकामाच्या जागेवर कोसळली. तेथे खोदकाम चालू होते आणि भिंतीच्या खालच्या अंगाला मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या होत्या. बिहारहून आलेली १५ माणसे, त्यांत लहान मुलेही, झोपेत दगावली. पुण्याची जमीन चेन्नईसारखी नाही, खाली मुरूम आणि काळा पाषाण आहे. पण भिंतीच्या पायाशेजारची माती काढून घ्यायची, वर पाऊस पडू द्यायचा आणि खाली माणसे झोपवायची, या तीन गोष्टी एकत्र आल्या की जमीन कोणती हा प्रश्न गौण ठरतो.

येथे ऋतूचाही मुद्दा आहे. आपल्या मराठी मनात पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. कोंढव्याची भिंत जूनअखेरीस पडली, वेळचेरीचा खड्डा डिसेंबरात ढासळला. दिल्लीत बसून "पावसाळ्यापूर्वी खोदकाम सुरक्षित करावे" असे परिपत्रक काढले तर ते दोन्हीकडे सारखे लागू पडणार नाही. प्रत्येक शहराला खड्ड्यांचे स्वतःचे पंचांग हवे.

खड्डा खणून झाला म्हणजे धोका संपला, असेही नाही. पाया भरण्याचे काम त्याच उघड्या खड्ड्यात चालते. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री पुण्यातच येरवड्याच्या शास्त्रीनगर भागात तळमजल्याखालच्या कामासाठी बांधलेली लोखंडी सळयांची जड जाळी कोसळून पाच मजुरांचा मृत्यू झाला. मोठ्या पायामध्ये सळयांच्या दोन जाळ्या असतात, एक तळाशी आणि एक वर. वरची जाळी ज्या आधारांवर पेलली जाते, त्यांना कामावर 'चेअर' म्हणतात. जाळी टनावारी जड असते आणि माणसे तिच्यावर चढून व तिच्या पोटात शिरून काम करतात. ते आधार किती अंतरावर, किती जाडीचे, आडव्या धक्क्याला टिकणारे आहेत की नाहीत, याचाही हिशोब करावा लागतो. परंतु आधार कायमचे नसल्यामुळे, ते नंतर काँक्रीटमध्ये बुडून जाणार असल्यामुळे, पुष्कळदा ते मेस्त्रीच्या अंदाजावर सोडले जातात. खड्ड्याच्या कडेची आणि जाळीच्या आधारांची गत एकच, जे तात्पुरते आहे ते कोणीच आखत नाही.

आता पायाच्या दर्जाविषयी. खड्डा असुरक्षित असला की त्यात भरलेला पायाही सदोष होण्याची शक्यता असते. कड कधी कोसळेल या भीतीने खाली घाई चालते. तळाशी पाणी साचलेले असते, ते नीट उपसले जात नाही आणि चिखलावरच साध्या काँक्रीटचा पहिला थर, ज्याला सगळे पीसीसी म्हणतात, तो ओतला जातो. भारतीय मानक ४५६ सांगते की पायातील सळईवर किमान ५० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे. चिखलात बसलेल्या सळईला ते मिळत नाही आणि खाऱ्या भूजलात ती लवकर गंजू लागते. काँक्रीट १.५ मीटरहून अधिक उंचीवरून मोकळे पाडू नये, कारण खडी आणि सिमेंटचा लगदा वेगळे होतात. परंतु खाली उतरायला धड शिडी नसेल तर काँक्रीट वरूनच ओतले जाणार, यात नवल ते काय? साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओले ठेवावे लागते. कड ढासळू लागली की दुसऱ्याच दिवशी माती लोटून खड्डा बुजवला जातो. पुढे दहा मजले या पायावर चढतात. म्हणजे मजुराची सुरक्षितता आणि भावी रहिवाशाची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या शिडीवरून चित्ताळ निर्धास्तपणे उतरू शकते, त्याच शिडीवरून तपासणीस अभियंताही उतरू शकतो.

आपल्या बहुतेक नियमावल्यांत जोत्याच्या पातळीवर तपासणीची तरतूद असते. महाराष्ट्रात तर जोते प्रमाणपत्र हा सर्वांच्या परिचयाचा कागद आहे. परंतु जोते तपासायला माणूस येतो तेव्हा पाया मातीखाली गेलेला असतो. इमारतीच्या कडा आणि अंतरे मोजता येतात, पाया दिसत नाही. तपासणीचा हा क्षण चुकीचा निवडलेला आहे. खड्डा तळापर्यंत खणून झाल्यावर आणि सळया बांधून झाल्यावर, काँक्रीट पडण्याच्या आधी जी तपासणी होईल, तीच उपयोगाची.

शेजाऱ्याच्या हक्काचा विचारही येथे केला पाहिजे, कारण कायद्यात तो फार जुना आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ मधील एका उदाहरणात असे म्हटले आहे की, प्रत्येक जमीनमालकाच्या जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत शेजारच्या व खालच्या मातीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. हा कायदा प्रथम मद्रास प्रांत, मध्य प्रांत आणि कूर्ग येथे लागू झाला आणि मुंबई प्रांतात १८९१ मध्ये आला. म्हणजे शेजाऱ्याची माती धरून ठेवण्याचे कर्तव्य चेन्नईत एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ कायद्याच्या पुस्तकात आहे! ते बजावून घेण्यासाठी मात्र शेजाऱ्याने दिवाणी न्यायालयात जावे, अशी अपेक्षा आहे. भिंत पहाटे पडते, न्यायालय सकाळी उघडते. म्हणूनच हा हक्क प्रशासकीय कार्यपद्धतीत उतरवणे आवश्यक आहे.

याबाबत मला पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. ठरावीक खोलीपेक्षा अधिक खोदाईला इमारतीच्या परवान्याखेरीज खोदाईचा स्वतंत्र दाखला असावा. त्यात कड कशी धरली जाणार याचा आराखडा, पाणी उपसण्याची पद्धत आणि नोंदणीकृत भूतांत्रिक अभियंत्याची सही असावी. खड्डा ही देखील एक वास्तू आहे, ती तात्पुरती आहे एवढेच.

२. या दाखल्याला मुदत असावी. पैसा संपतो, भागीदारांत वाद होतो, न्यायालयाची स्थगिती येते आणि खड्डे महिनोन्महिने उघडे राहतात. चेन्नईत १ ऑक्टोबरला आणि पुण्यात १ जूनला जो खड्डा उघडा असेल, त्याची पावसाळी तपासणी सक्तीची करावी. मुदत संपल्यास मालकाच्या अनामत रकमेतून महापालिकेने कड सुरक्षित करावी अथवा खड्डा बुजवावा.

३. खोदाईपूर्वी लगतच्या इमारतींची व भिंतींची छायाचित्रांसह पाहणी व्हावी आणि शेजाऱ्यांना लेखी सूचना मिळावी.

४. खड्ड्याच्या खोलीइतक्या अंतराच्या आत मजुरांची झोपडी, मातीचा ढीग वा उभे वाहन असू नये. धोक्याच्या भिंतीखाली कोणी झोपणार नाही, ही जबाबदारी मुख्य कंत्राटदाराची असावी, उपकंत्राटदारावर ती ढकलता येऊ नये.

५. जागेवर फलक असावा. त्यावर खोली, दाखल्याची मुदत, जबाबदार अभियंत्याचे नाव व दूरध्वनी असावा. फलक तमिळमध्ये हवाच, पण खाली काम करणाऱ्यांच्या भाषेतही हवा. मग ती हिंदी असो, ओडिया असो, बंगाली असो की तेलुगू.

६. पाऊस पडून गेल्यावर कोणीही खाली उतरण्यापूर्वी कडेची पाहणी व्हावी आणि मेस्त्रीला काम थांबवण्याचा अधिकार असावा. थांबलेल्या तासांची मजुरी कंत्राटातच धरलेली असावी. ही एक तरतूद नसेल तर बाकीच्या पाच कागदावरच राहतील.

यावर जे आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. पहिला असा की, आणखी एक परवाना म्हणजे आणखी एक टेबल आणि आणखी एक पाकीट. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. म्हणून माझी सूचना अशी की, हा दाखला कार्यालयाने द्यावयाचा नसून नोंदणीकृत अभियंत्याने स्वतः जाहीर करावयाचा असावा. कार्यालयाने त्याची फक्त नोंद घ्यावी, तो सर्वांना पाहता येईल असा ठेवावा आणि चिठ्ठ्या टाकून काही जागांची अचानक तपासणी करावी. खोटा दाखला देणाऱ्याची नोंदणी रद्द व्हावी. अधिकाऱ्याच्या सहीपेक्षा अभियंत्याचे नाव आणि त्याचा व्यवसाय पणाला लागणे अधिक परिणामकारक ठरते, असा माझा विश्वास आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. कड धरण्याचा खर्च खरा आहे आणि खोल तळघरांसाठी तो मोठा आहे. परंतु चेन्नईच्या मेट्रोची भूमिगत स्थानके भर शहरात खणली गेली, ती आधी जमिनीत काँक्रीटची सलग भिंत उतरवून मगच. तेथे काहीच चुकले नाही असे नाही. एप्रिल २०१७ मध्ये अण्णा सालैवर मेट्रोच्या भुयारी कामामुळे रस्ता खचून एक बस व एक मोटार खड्ड्यात गेली होती. पण तेथे कड धरण्याचा खर्च प्रकल्पाचा भाग मानला जातो, त्यावर वाद होत नाही. खासगी इमारतीत तोच खर्च 'टाळता येण्याजोगा' ठरतो, कारण तो टाळल्याची किंमत दुसराच कोणी देतो.

तिसरा आक्षेप असा की, शिक्षा कठोर करा म्हणजे पुरे. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी जुन्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत वाढली आहे. ठीक आहे. परंतु गुन्हा नोंदवला जातो तो माणूस गेल्यानंतर, आणि बहुधा साखळीतील सर्वांत खालच्या, जागेवर हजर असलेल्या माणसावर. मालक, विकासक, मुख्य कंत्राटदार, उपकंत्राटदार, मेस्त्री अशा पाच पायऱ्यांत जबाबदारी पाण्यासारखी खाली झिरपत जाते. ती वरच्या पायरीवर धरून ठेवायची तर खोदाईपूर्वीच एक नाव कागदावर यायला हवे.

शेवटी वाचकांविषयी. चेन्नई असो, बेंगळुरू असो वा हैदराबाद, आपल्यापैकी बहुतेक जण सदनिकांत राहतात आणि कित्येक जण गृहसंस्थांच्या समितीवर आहेत. परमुलखात भाषेची अडचण असते, "आपल्याला काय करायचे" ही भावनाही असते. तरीही शेजारच्या भूखंडावर खोदयंत्र दिसले की चार प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. खड्डा किती खोल जाणार? आमच्या भिंतीखालची माती कशाने धरणार? पावसाळ्यापूर्वी काम जोत्यापर्यंत येणार का? आणि मजूर रात्री कोठे झोपतात? आपल्या भिंतीची आजच्या तारखेची छायाचित्रे काढून ठेवावीत, भेग दिसली तर तिच्यावर तारीख घालावी आणि महापालिकेला लेखी कळवावे. तोंडी तक्रारीचे काय होते हे मी आतून पाहिले आहे. आवक क्रमांक पडलेल्या अर्जाला मात्र कधीतरी कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.

त्या चारांपैकी चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या तिन्हींत आपला स्वार्थ आहे, चौथ्यात नाही. ओडिशाहून वा बिहारहून आलेला जो माणूस आपल्या भिंतीपलीकडे पत्र्याखाली झोपला आहे, त्याला येथील महापालिकेचा पत्ता ठाऊक नसतो आणि येथील भाषाही येत नाही. आपणही या शहरात बाहेरूनच आलो आहोत. परंतु आपल्याला अर्ज लिहिता येतो, तेव्हा तो त्याच्या वतीनेही लिहावा.